समुद्रकाठच्या तंबूत चावलेले बारीक किडे नेमके कोणते, आणि पुढच्या वेळी काय करावे?

मुक्कामपोस्ट यांचा प्रश्न

नमस्कार. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, यजमान, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे आम्ही पाच जण कोर्लई आणि काशीद यांच्या दरम्यानच्या एका लहान किनाऱ्यावर दोन रात्री तंबूत राहिलो. मागे सुरूचे बन होते, समोर समुद्र होता आणि उजव्या हाताला शंभर-दीडशे पावलांवर एक ओढा वाळूतून वाट काढत समुद्राला मिळत होता. ओढ्याच्या दोन्ही काठांना चिखल आणि कांदळाची झुडपे होती. मुलांना तिथे खेकडे बघायला मिळतील, यापलीकडे त्या चिखलाचा विचार आमच्या मनात आला नाही.

पहिल्या संध्याकाळी सूर्य बुडाला आणि वारा एकदम पडला. चुलीवर भात ठेवला होता, तेवढ्यात मुलगी पाय चुरचुरतात म्हणून कुरकुरू लागली. डास दिसत नव्हते आणि त्यांची गुणगुणही नव्हती. विजेरीच्या उजेडात तिची पोटरी पाहिली, तेव्हा राजगिऱ्याच्या दाण्याएवढे काळपट ठिपके तिच्यावर बसलेले दिसले. हाताने पुसल्यावर बोटांना रक्ताच्या बारीक रेघा लागल्या. आम्ही घाईघाईने सगळ्यांना तंबूत घेतले आणि जाळीचे दार लावून घेतले, पण त्या जाळीतूनही ते आत येत राहिले.

गंमत अशी की त्या रात्री त्रास बेताचा वाटला. खरी खाज दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाली आणि घरी परतल्यावर वाढतच गेली. मुलीच्या एका पायावर मी ४३ गांधी मोजल्या. मोज्याचा काठ जिथे संपत होता, त्याच्या खाली एकही नव्हती आणि वर मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. आम्हा सर्वांत सासूबाई जवळजवळ सुटल्या. त्या रोज संध्याकाळी पायांना खोबरेल तेल चोळतात, तसे त्यांनी तिथेही चोळले होते.

आज सहावा दिवस आहे. मुलाने दोन गांधी खाजवून फोडल्या आहेत आणि त्यांवर मधासारखी पिवळी खपली धरली आहे. त्यातच एका नातेवाइकांनी असा निरोप पाठवला की हे 'सँडफ्लाय' असणार आणि त्यांच्यामुळे चांदीपुरा नावाचा ताप येतो. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. जानेवारीच्या उत्तरार्धात नणंदेच्या कुटुंबाबरोबर भोगव्याला तंबूतच राहण्याचे ठरलेले असून त्यांच्याबरोबर दीड वर्षांचे बाळ आहे. हे किडे कोणते होते, त्यांच्यापासून आजाराचा धोका आहे का आणि भोगव्याचा बेत ठेवावा की मोडावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खाडीकाठचा यांचा प्रतिसाद

ताई, तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की ओळखायला फारसे काही उरत नाही. आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला या किड्यांना 'केमरं' म्हणतात आणि घाटावरची मंडळी चिलटे किंवा मुरकुटे म्हणतात. जेमतेम एक ते तीन मिलिमीटर लांबीची ही माशी खाडीच्या आणि ओढ्यांच्या काठच्या ओल्या चिखलात वाढते. रक्त फक्त मादी पिते. डास सोंड खुपसून रक्त ओढतो, तर ही माशी कातडीला बारीक चीर पाडून त्या जागी साचलेले रक्त चाटते. म्हणूनच तुमच्या बोटांना रेघा लागल्या.

तुमच्या प्रश्नातले महत्त्वाचे वाक्य मला 'वारा एकदम पडला' हे वाटते. ही माशी उडण्यात अगदी दुबळी असून ताशी दहा किलोमीटरच्या वर वारा असला तर ती सहसा उडतच नाही. आपल्या किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो आणि रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो, हे आपण सर्वांनी शाळेत घोकलेले आहे. परंतु एक वारा थांबून दुसरा सुरू होईपर्यंत जो निवांत काळ असतो, तो पुस्तकात कोणी सांगत नाही. सूर्यास्तानंतरचा तास-दीड तास आणि सकाळी ऊन तापेपर्यंतचा वेळ हा तो काळ होय. केमरं बाहेर पडतात ती याच वेळांत. आमची आजी तिन्हीसांजेला पोरांना अंगणातून घरात घ्यायची आणि ओटीवर सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सुक्या सालींचा, धूर करायची, त्याचे कारण ती वेगळे सांगत असली तरी परिणाम हाच होता.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की मलम कोणते लावावे हा प्रश्न दुसरा आहे. तंबू कुठे ठोकावा आणि त्या दोन वेळा कुठे घालवाव्यात हा पहिला. तुमचा तंबू ओढ्यापासून शंभर-दीडशे पावलांवर होता आणि पाठीशी सुरूचे बन होते. म्हणजे एका बाजूला त्यांचे घर होते आणि दुसऱ्या बाजूला वारा अडवणारी भिंत. सावलीसाठी सुरूबनाला चिकटून तंबू लावण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण दिवसा बनात बसावे आणि रात्रीचा तंबू उघड्यावर, वाऱ्याच्या वाटेत असावा.

भोगव्याचा किनारा लांबलचक आहे. त्याच्या उत्तरेला कर्ली नदीचे मुख आहे आणि पलीकडे देवबागची जमिनीची पट्टी आहे. दक्षिणेला निवतीच्या किल्ल्याची टेकडी आहे. चित्रे काढायला मुखाकडची बाजू सुंदर असली तरी खाडीचा चिखल आणि कांदळ तिथेच आहेत, तेव्हा मुखापासून जितके दक्षिणेला सरकाल तितके बरे. संध्याकाळचे जेवण दिवसाउजेडी उरका, दिवेलागणीचा तास गावातल्या एखाद्या घराच्या पडवीत किंवा पंख्याखाली काढा आणि वारा फिरल्यावर तंबूत या. जागा ठरवण्यापूर्वी ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे, म्हणजे नंतर कोणाचा राग ओढवत नाही.

भरतीचा हिशेबही सांगून ठेवतो, कारण खाडीपासून दूर जाताना लोक पाण्याच्या फार जवळ जातात. आमच्याकडे कोळी बांधव तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती साधारण सहाच्या सुमारास, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे उधाणाची भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर आणि पुन्हा मध्यरात्रीच्या आत-बाहेर. चांदण्याच्या हौसेने पौर्णिमेला पुळणीवर तंबू ठोकलेल्या किती मंडळींना पाण्याने मध्यरात्री उठवले आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार वर चढत नाही आणि तंबूला कोरडी जागा भरपूर मिळते. उधाण ओसरल्यानंतरच्या चार-पाच दिवसांत खाडीकाठी केमरं जास्त असतात, असा आमच्या घरचा अनुभवही आहे. तेव्हा तारीख ठरवताना दिनदर्शिकेतली सुटी पाहाल, तशी तिथीही पाहा.

त्वचेपुरते यांचा प्रतिसाद

मी त्वचारोगांचा वैद्यकीय व्यवसाय करतो. सर्वप्रथम मुलाविषयी. मधासारखी पिवळी खपली हे खाजवलेल्या जागी जंतुसंसर्ग झाल्याचे लक्षण आहे. त्यासाठी येथील उत्तरांची वाट न पाहता उद्याच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वेळेवर मलम मिळाले तर हा संसर्ग लवकर आटोक्यात येतो, अन्यथा तो मुलाच्या नखांतून त्याच्याच अंगावर आणि बहिणीच्याही अंगावर पसरतो. दोघांची नखे आजच कापावीत.

आता चांदीपुराविषयी. घोटाळा नावाचा आहे. इंग्रजीत 'सँडफ्लाय' हा शब्द अनेक देशांत किनाऱ्यावरच्या कोणत्याही बारीक चावऱ्या माशीला लावतात. वैद्यकशास्त्रात ज्या वालुमाशीला आम्ही हे नाव देतो, ती मात्र वेगळीच असून तिचा समुद्राच्या वाळूशी संबंध नाही. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या आसपासच्या ओलसर, सेंद्रिय मातीत वाढते. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल या भागांत काळा आजार पसरवणारी माशी तीच. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील रुग्णांच्या रक्तात सापडला, म्हणून त्याला त्या गावाचे नाव मिळाले. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात मुलांमध्ये त्याची मोठी साथ आली होती आणि २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा रुग्ण आढळले. आजार गंभीर आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्या साथी मुख्यतः पावसाळ्याच्या आसपास येतात आणि ताप, झटके, बेशुद्धी अशी लक्षणे अत्यंत वेगाने दिसतात. डिसेंबरात खाडीकाठी चावलेल्या चिलटांनंतर सहाव्या दिवशी मूल खेळते, जेवते आहे आणि त्याला केवळ खाज आहे, तर त्या निरोपावरून झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

एखादा मेलेला किडा सापडला, तर भिंगाखाली पंख पाहावेत. चिलटाचे पंख बसल्यावर कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर पाठीला चपटे टेकलेले असतात आणि पुष्कळदा त्यांवर ठिपके असतात. वालुमाशीचे अंग केसाळ असून ती बसते तेव्हा पंख इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे वर उभे असतात.

खाज उशिरा सुरू होणे स्वाभाविक आहे. माशीच्या लाळेला आपले शरीर देत असलेली ही प्रतिक्रिया असून ती एक-दोन आठवडे टिकू शकते. लहान मुलांत तर एका जागी नवीन गांध उठली की जुन्या, बसत आलेल्या गांधीही पुन्हा फुलतात, आणि आईवडिलांना घरात ढेकूण झाले की काय अशी शंका येते. थंड पाण्याची घडी ठेवावी, कॅलामाइन लावावे आणि रात्री झोप लागत नसेल तर सेटिरिझिनसारखे औषध वयानुसार आणि वजनानुसार डॉक्टरांकडून मात्रा ठरवूनच द्यावे. कोकणात अंगावर पित्त उठले की कोकमाचे आगळ लावण्याची रीत आहे. अखंड कातडीवर त्याला माझी हरकत नाही, परंतु फुटलेल्या गांधीवर ते चांगलेच झोंबेल.

प्रतिबंधासाठी कातडीवर लावायचे औषध वापरावे. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या ओडोमॉसमध्ये डायइथिल बेंझामाइड असते. डीट किंवा इकॅरिडिन असलेली औषधेही परिणामकारक आहेत, आणि साधारण २० टक्के डीटचा परिणाम चार-पाच तास टिकतो. डीटमुळे चष्म्याची प्लास्टिकची चौकट आणि घड्याळाचा पट्टा खराब होतो, हे लक्षात ठेवावे. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला डीट लावू नये, आणि लेमन युकॅलिप्टसचे तेल तीन वर्षांखालील मुलांना लावू नये, म्हणजे नणंदेच्या बाळाला ते चालणार नाही. बाळाच्या तळहातांना काहीही लावू नये, कारण हात तोंडात जातात. उन्हाचे मलम आधी लावावे, ते मुरू द्यावे आणि त्यावर हे औषध लावावे. सासूबाईंचे तेल हे त्या अर्थाने कीटकांना दूर ठेवणारे औषध नव्हे. परंतु तेलाच्या जाड थरात इतका लहान कीटक चिकटून बसतो आणि त्याला चावता येत नाही. थर पुसला गेला की संरक्षण संपते, आणि वाळूत बसलात तर तो पंधरा मिनिटांत पुसला जातो.

एकच गोष्ट गंभीरपणे लक्षात ठेवावी. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत कोणाला मोठा ताप आला, तर डॉक्टरांना 'आम्ही झुडपांत आणि गवतात राहिलो होतो' हे आपणहून सांगावे, आणि काख, जांघ, कमरपट्ट्याची जागा येथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का ते पाहावे. ती खपली स्क्रब टायफसची खूण असू शकते. हा आजार चिलटांपासून होत नाही. झुडपांतल्या सूक्ष्म माइटच्या अळ्यांपासून होतो आणि वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होतो.

उत्तरसमुद्र यांचा प्रतिसाद

गेली अकरा वर्षे आम्ही स्कॉटलंडमध्ये आहोत. येथील पश्चिम किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर या काळात तंबूत राहणाऱ्या प्रत्येकाला याच कुळातल्या माशीशी गाठ घालावी लागते, फक्त ती खाडीच्या चिखलाऐवजी दलदलीच्या आम्लधर्मी जमिनीत वाढते. येथे तिचा अंदाज हवामानाच्या अंदाजासारखा जाहीर होतो, आणि दुकानांत टोपीवरून गळ्यापर्यंत घालायच्या बारीक जाळ्या टांगलेल्या असतात. पहिल्या वर्षी आईने ती जाळी पाहून 'मधमाश्या पाळता का' असे विचारले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःसाठी मागून घेतली.

तुमच्या तंबूची जाळी निकामी ठरली, याचे कारण तिची भोके आहेत. साध्या मच्छरदाणीचे भोक सव्वा ते दीड मिलिमीटरचे असते आणि ते डासाला पुरते, पण चिलट त्यातून सहज आत येते. तंबू घेताना किंवा मच्छरदाणी घेताना 'नो-सी-अम' प्रकारची, म्हणजे याहून बारीक भोकांची, जाळी आहे का, हे विचारावे. तोवर बॅटरीवर चालणारा लहान पंखा पायांच्या दिशेने लावून ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो.

कातळशिल्प यांचा प्रतिसाद

या सगळ्या त्रासाचे मूळ ती कांदळाची झुडपेच आहेत. पर्यटन वाढवायचे तर किनाऱ्याजवळची तेवढी झाडे काढून टाकायला काय हरकत आहे?

खाडीकाठचा यांचा प्रतिसाद

हरकत कायद्याची आहे आणि त्याहून अधिक व्यवहाराची आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवन तोडण्यावर बंदी घातली असून त्यांच्या संरक्षणासाठी वन विभागाचा स्वतंत्र कक्ष आहे. झाडे तोडली तरी चिखल तिथेच राहतो, आणि माशी चिखलात वाढते, झाडावर नव्हे. उलट आमच्या खाडीतली कोळंबी, खेकडे आणि बोयटे त्याच मुळांच्या आडोशाने वाढतात. पर्यटकांच्या ताटात ते येतात कुठून, याचाही विचार व्हावा.

पन्नाशीतला भटक्या यांचा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी उघड्या पुळणीवर तंबू लावण्याच्या सल्ल्याला एक पुरवणी जोडतो. जानेवारीत पहाटेचा मतलई वारा चांगलाच गार असतो आणि दवाने तंबूचे कापड आतून ओले होते. लहान बाळ असेल तर ती गारठ्याची रात्र चिलटांहून अधिक त्रास देईल. बाळ, त्याची आई आणि आजी यांनी गावातल्या घरगुती निवासात झोपावे आणि बाकीच्यांनी तंबूत, अशी विभागणी आम्ही आमच्या नातवंडांच्या बाबतीत केली होती, आणि त्यात कोणाची हौस कमी झाली नाही.

धुराविषयीही थोडे सांगतो. कडुनिंबाचा ओला पाला किंवा सोडणे जाळून केलेला धूर वाऱ्याच्या वरच्या अंगाला असेल तर उपयोगी पडतो, पण वारा पडल्यावर धूर सरळ वर जातो आणि नेमक्या त्याच वेळी माशी येते, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये. डासांची अगरबत्ती बंद तंबूत कधीही पेटवू नये. तंबूचे कापड क्षणात पेट घेते आणि बंद जागेतला तो धूर मुलांच्या छातीला वाईट असतो. वाळूवर शेकोटी आणि झगझगीत दिवे शक्यतो टाळावेत. हिवाळ्यात आपल्या कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात आणि उजेड दिसला की समुद्रातूनच परत फिरतात. शिवाय दिवा जितका झगझगीत, तितकी चिलटेही गोळा होतात. आम्ही दिवा जेवणाच्या जागेपासून वीस पावलांवर टांगतो आणि स्वतः अंधारात जेवतो.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. सकाळी वाहून आलेल्या शेवाळाखाली उड्या मारणारे पांढुरके किडे दिसतात आणि सगळा दोष त्यांच्यावर येतो. ते कोळंबीच्या दूरच्या नात्यातले जीव असून कुजका पाला खातात. माणसाला ते चावत नाहीत. मुलांनी त्यांना खुशाल हातावर घ्यावे.

मुक्कामपोस्ट यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मुलाला काल डॉक्टरांना दाखवले. त्यांनी लावायचे मलम दिले असून आज खपली सुकू लागली आहे. ताप कोणालाही नाही.

'त्वचेपुरते' यांनी सांगितल्याप्रमाणे मी तंबू गच्चीत उघडला आणि जाळीच्या दाराची शिवण झटकली. कोपऱ्यातल्या पट्टीला चिकटून मेलेले सहा-सात किडे मिळाले. मुलीच्या शाळेच्या भिंगाखाली एक पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिला. पंख पाठीवर एकावर एक मिटलेले होते आणि त्यांवर धुरकट ठिपके स्पष्ट दिसत होते, म्हणजे ते चिलटच ठरले. मुलीने त्याचे चित्र काढून वहीत तारखेसह लावले आहे आणि खाली '४३ वेळा' असे लिहिले आहे.

भोगव्याचा बेत आम्ही ठेवला आहे. तारीख अष्टमीच्या जवळची धरली असून तंबू निवतीच्या बाजूला लावू. नणंद बाळासह गावातल्या घरी झोपेल. सासूबाईंना मात्र त्या घरात राहा असे सुचवताच त्यांनी साफ नकार दिला. मला काहीच चावले नव्हते, मी तंबूतच झोपणार, असे त्यांचे म्हणणे आहे. 'उत्तरसमुद्र' यांनी सांगितलेली बारीक जाळी पुण्यात किंवा मुंबईत कोणत्या पेठेत अथवा बाजारात मीटरवर मिळू शकेल, हे कोणाला ठाऊक असल्यास जरूर कळवावे, कारण तंबूच्या दाराला ती आतून शिवून घेण्याचा विचार आहे.